काळ्या सुटातला साहेब: काईजीमधला टोनेगावा

मंडळी, आधीच सांगतो, या व्हिडिओत काईजीच्या पहिल्या मांगाची, म्हणजे जपानी कॉमिकची, गोष्ट अगदी ई-कार्ड या पत्त्यांच्या डावापर्यंत आणि त्याच्या पुढचीही उघड होणार आहे, त्यामुळे ज्यांनी अजून बघितलं नाहीये त्यांनी आधी २००७ चा अ‍ॅनिमे, म्हणजे त्यावरची जपानी कार्टून मालिका, बघून या, सव्वीस एपिसोड आहेत, मग निवांत बोलू.

फुकुमोतो नोबुयुकी यांचा हा मांगा १९९६ मध्ये 'यंग मॅगझिन' या जपानी साप्ताहिकात सुरू झाला. जपानचा तो काळ आठवा, जमिनीचे आणि शेअर्सचे फुगलेले भाव कोसळून पाच-सहा वर्षं झालेली, नोकऱ्या आटलेल्या आणि गल्लोगल्ली कर्ज देणाऱ्या कंपन्या. गोष्टीचा हिरो काईजी इतो हा असाच एक बेकार पोरगा, दारू पिणारा, जुगार खेळणारा, महागड्या गाड्यांचे टायर फोडून रडणारा. एका जुन्या सहकाऱ्याला तो जामीन राहिला होता, मूळ कर्ज फक्त तीन लाख येन, पण महिना वीस टक्के आणि तेही चक्रवाढ, मग चौदा महिन्यांत त्याचे झाले साडेअडतीस लाख. सहकारी पळाला आणि वसुलीवाला आला काईजीच्या दारात. जामीन राहून घर बुडालेला एखादा तरी माणूस आपल्याकडे प्रत्येकाच्या नात्यात असतोच, त्यामुळे हा भाग मला कधी परका वाटलाच नाही.

तर कर्ज फेडायची एक रात्र मिळते, 'एस्प्वार' नावाच्या जहाजावर. एस्प्वार म्हणजे फ्रेंचमध्ये आशा. आणि तिथे स्टेजवर येतो युकिओ टोनेगावा, तेइआई या सावकारी साम्राज्याचा बडा अधिकारी. मागे फिरवलेले केस, अंगावर बसलेला सूट, आवाजात कुठेही घाई नाही. खेळाचे नियम तो असे समजावून सांगतो की बँकेतला चांगला मॅनेजर एफडी समजावतोय असं वाटावं. खेळायला आधी उसने पैसे घ्यायचे, दर दहा मिनिटांना दीड टक्का व्याज, चक्रवाढ. ऐकायला दीड टक्का किती लहान वाटतो ना? पण चार तास चालणाऱ्या खेळात ते चाळीस टक्क्यांच्या वर जातं. मी हा हिशेब नंतर कागदावर मांडला आणि मग जपानचा त्या वेळचा कायदा शोधला, तर तेव्हा कर्ज कंपन्यांना ज्याच्या वर गेलं की थेट गुन्हाच, अशी व्याजाची हद्द होती वर्षाला ४०.००४ टक्के. म्हणजे कायद्याने वर्षभरात जेवढं ओरबाडता येत होतं तेवढं टोनेगावा एका रात्रीत ओरबाडतो, आणि समोरचे माना डोलावतात. जपानमध्ये ही हद्द वीस टक्क्यांवर यायला २०१० उजाडलं.

मग गर्दीतून कोणीतरी विचारतं की हरलो तर काय होणार? आणि इथे त्या माणसाचा चेहरा बदलतो. शिवी देतो, ठार मारीन म्हणतो, आणि लगेच पुन्हा शांत होऊन त्यांना ऐकवतो की तुम्ही विचारलं म्हणून जग तुम्हाला उत्तर देईल ही समजूतच पोरकट आहे, जग म्हणजे तुमची आई नाही. मांगात तो बेसबॉलवाल्या इचिरोचं आणि शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ खेळणाऱ्या हाबूचं उदाहरण देतो, की लोक त्यांना मानतात कारण ते जिंकले, हरले असते तर कुत्रंही विचारलं नसतं. हाबूने फेब्रुवारी १९९६ मध्येच शोगीचे सातही किताब एकाच वेळी स्वतःकडे आणले होते, त्यामुळे तेव्हाच्या वाचकाला हे वाक्य किती ताजं लागलं असेल बघा. भाषण संपतं तेव्हा ज्यांना कचरा म्हटलं तेच लोक भारावलेले असतात, काहींच्या डोळ्यांत पाणी. खरं सांगतो, पहिल्यांदा बघताना मलाही वाटलं होतं की हा माणूस बरोबर बोलतोय. मला तो भयंकर वाटतो ते याच कारणाने, तो थापा मारत नाही, तुमच्या मनात आधीच बसलेली लाज बाहेर काढतो, तिला वडीलधाऱ्याचा आवाज देतो आणि मग त्या लाजेवर तुमची सही घेतो.

पुढे हॉटेलचा भाग येतो. उंचावर दोन इमारतींमध्ये टाकलेल्या लोखंडी बीमवरून चालायचं, खाली चौऱ्याहत्तर मीटर हवा, आणि बीममध्ये वीज सोडलेली, हात टेकला की संपलात. माणसं वरून ओरडतात, पैसे नकोत, वीज बंद करा. टोनेगावा ऐकत नाही. त्याचं म्हणणं असं की पैसा जिवापेक्षा जड असतो, आणि त्याचं समर्थन तो साध्या नोकरदार माणसाच्या आयुष्यातून करतो: लहानपणापासून अभ्यास, परीक्षा, मग वर्षानुवर्षं बॉसच्या शिव्या खात काम, तेव्हा कुठे दोन कोटी येन साठतात, म्हणजे लोक आयुष्यच देतात ना त्या पैशाला, मग तुम्ही एका रात्रीत कसे फुकट मागता? हा युक्तिवाद तोडायला मला बरेच दिवस लागले. त्या नोकरदाराला रोज संध्याकाळी घरी जाता येतं हे टोनेगावा मुद्दाम गाळतो. आणि त्याच बीमवर इशिदा नावाचा माणूस पडतो, पुढे चालणाऱ्या काईजीचा तोल जाऊ नये म्हणून तोंडातून आवाज न काढता पडतो, तो सीन मी अजून दुसऱ्यांदा बघितलेला नाही.

आता ई-कार्ड. एका बाजूला एक सम्राट आणि चार नागरिक, दुसऱ्या बाजूला एक गुलाम आणि चार नागरिक. सम्राट नागरिकाला मारतो, नागरिक गुलामाला मारतो, आणि गुलाम सम्राटाला, कारण ज्याच्याकडे गमवायला काही उरलं नाही तोच राजावर हात उचलतो. काईजी पणाला लावतो स्वतःचा कान, कानात बसवलेली सुई हरेल तितके मिलिमीटर आत सरकत जाते. आणि टोनेगावा चीटिंग करतोय, त्या यंत्रातून काईजीची नाडी, अंगातली गरमी सगळं त्याच्या मनगटावरच्या घड्याळात दिसतंय. एवढा हुशार, एवढा अनुभवी माणूस, त्याला घड्याळ कशाला लागतं? मला वाटतं हरणं त्याला परवडणारंच नव्हतं म्हणून. काईजीला ते कळतं, तो स्वतःचा कान कापून टाकतो, आणि शेवटच्या डावात पत्त्यावरच्या रक्ताच्या डागाचं आमिष टाकतो. टोनेगावाला डाग दिसतो, तो एक पायरी पुढचा विचार करतो, मग अजून एक, आणि आपल्या हुशारीवर विश्वास ठेवून सम्राट टाकतो. समोर गुलाम.

काईजीने हिशेब मांडला होता तो टोनेगावाच्या हुशारीचाच. मूर्ख माणूस त्या सापळ्यात अडकला नसता, त्याने डाग बघितला असता आणि सरळ खेळला असता.

२०१५ मध्ये टोनेगावालाच हिरो करून एक वेगळा विनोदी मांगा आला, त्यात तो वरच्याचे मूड सांभाळणारा आणि खालच्यांची नावं लक्षात ठेवताना दमणारा मधला मॅनेजर आहे. मला तो आवडतो, पण त्याचं बीज पहिल्या मांगातच आहे, कारण ई-कार्डच्या टेबलाशी अजून एक माणूस बसलेला असतो, तेइआईचा चेअरमन ह्योदो, टोनेगावाचा साहेब. इतका वेळ आपण ज्याला सम्राट समजत होतो तो खरं तर पगारी नागरिक होता.

हरलेल्या टोनेगावाला आता त्याची माफी मागायची असते, आणि ह्योदोचं मत असं की मनापासून माफी मागणारा माणूस कुठेही गुडघे टेकेल, तापलेल्या लोखंडावरसुद्धा. तवा आणला जातो. तापलेल्या पत्र्यावर कपाळ टेकवून दहा सेकंद. आणतात कोण, तर तेच काळ्या सुटातले लोक ज्यांना टोनेगावा संध्याकाळपर्यंत हुकूम सोडत होता. त्याला कोणी धरून दाबावं लागत नाही, तो स्वतःच गुडघे टेकतो, स्वतःच कपाळ खाली नेतो, आणि दहा सेकंद झाल्यावरही उठत नाही. जिंकलेला काईजी कापलेल्या कानावर हात धरून समोर उभा असतो, आणि जो माणूस मरावा असं त्याला रात्रभर वाटत होतं त्याच्याकडे बघताना तोच आतून हादरतो.