रंग आधी कुठून उडतो?

(तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानांत एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी केलेलं भाषण, संपादित करून.)

मंडळी, आधी हे खोकं बघून घ्या. बुटाच्या खोक्याहून लहान आहे. माझी पुतणी अमेरिकेत असते, तिनं मागच्या दिवाळीला आणून दिलं. शेजारच्या काकू घरी आल्या होत्या. त्यांना वाटलं मिठाई आहे. उघडून दाखवलं तर आत पापुद्र्यासारख्या पातळ फळ्या, काडीसारख्या पट्ट्यांची एक जुडी, काळ्या कागदाची गुंडाळी आणि एक नकाशा. काकू म्हणाल्या, "हे तं नुसतं जळतन होय बाप्पा!"

ते जळतन म्हणजे हे टेबलावरचं स्टेशन. तिकडच्या एखाद्या आडवळणाच्या गावचं असावं तसं. छोट्या रेल्वेचा छंद असणारे लोक इंजिन आणि डबे विकत घेतात, पण रुळांशेजारची स्टेशनं, गोदामं, पाण्याच्या टाक्या अशा किटांतून स्वतः बांधतात. मला गाड्यांचं तेवढं वेड नाही. मी आयुष्यभर पोट्ट्यांना रंग कसा लावायचा ते शिकवलं. या खोक्यानं मला साठीनंतर रंग काढायला शिकवलं, ते सांगायला मी उभा आहे.

प्रमाणाचं गणित एकदा सांगून टाकतो. याचं प्रमाण १:८७. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब सोपा आहे: खरा एक फूट म्हणजे इथं साडेतीन मिलिमीटर. तीस फुटांचं स्टेशन साडेदहा सेंटिमीटरचं होतं आणि साडेपाच फुटांचा स्टेशनमास्तर एकोणीस मिलिमीटरचा. आपली शकुंतला, ती अरुंद रुळांची रेल्वे, तुम्हाला आठवत असेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, पुढं दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूर. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७नं भागा, पावणेनऊ येतात. बाजारात याहून लहान प्रमाणातल्या गाड्यांसाठी नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, ते शकुंतलेला जवळजवळ बेतून शिवल्यासारखे बसतात. हे मोजून काढलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पण तो पुढचा उद्योग.

आता भिंत. ही जवळून बघा. उभ्या फळ्या आहेत आणि दर दोन फळ्यांच्या सांध्यावर एक बारीक पट्टी आहे. ती पट्टी शोभेची नाही. लाकूड लांबीला फारसं वाढत नाही, रुंदीला वाढतं. पावसात फुगतं, उन्हाळ्यात आळतं. दोन फळ्या घट्ट भिडवून ठोकल्या तर एका ऋतूत त्या फुगून उचकटतील आणि दुसऱ्या ऋतूत मधे फट पडेल. म्हणून जरा मोकळं सोडायचं आणि फटीवर पट्टी ठोकायची. तिकडं लाकूड मुबलक होतं. रेल्वे पुढं सरकत गेली तशी ठरलेल्या नकाशांवरून लाकडी स्टेशनं भराभर उभी राहिली. आपल्याकडं दगड-विटा, कारण लाकडाचं स्टेशन बांधलं असतं तर प्रवाशांच्या आधी वाळवी आली असती.

किटातलं लाकूड बासवुडचं. पांढरट, मऊ, रेषा इतक्या बारीक की १:८७ मध्येही खोट्या वाटत नाहीत. सागवान इथं कामाचं नाही, त्याची रेघ या मापात नांगराच्या तासासारखी दिसते. संत्र्याच्या पेटीची फळी मी तासून पाहिली, तिचे तुकडे पडले. आपल्याकडचं जवळ जाणारं म्हणजे शिवण. एकदा नीट वाळली की फारशी आळत नाही.

आता माझी फजिती सांगतो. मे महिना होता, घरात कूलर सुरू. मी पहिली भिंत घेतली आणि शाळेत करायचो तसा बाहेरच्या बाजूला पाण्याचा रंग दाबून दिला. वाळू दे म्हणून कूलरच्या समोर ठेवली आणि जेवायला बसलो. परत येऊन बघतो तर भिंतीचा पापड! चांगली कमान झालेली. आमच्या गल्लीतले मिस्त्री योगायोगानं आले होते, दाराची कडी बसवायला. त्यांनी भिंत हातात घेतली, डोळ्यासमोर धरली आणि म्हणाले, "सर, लाकडाले दोन्हीकून पाजा लागते. एका आंगानं पाजलं का थे रुसते."

किटासोबतच्या इंग्रजी कागदावर हेच लिहिलेलं होतं, पण ते मी वाचलं नव्हतं. मग मिस्त्रींच्या सांगण्यावरून खोलगट बाजूला ओलं फडकं फिरवलं, वर काच ठेवली, काचेवर पाच किलोचं वजन. सकाळी भिंत सरळ. त्या दिवसापासून नियम केला: फळीला जे द्यायचं ते दोन्ही बाजूंना द्यायचं, आतून सहा-सात मिलिमीटर जाडीच्या काड्यांचे आधार चिकटवायचे आणि कूलर बंद ठेवायचा. बायकोनं या छंदाबद्दल केलेली एकमेव तक्रार या कूलरची आहे.

आता खरी गोष्ट, रंगाची. शाळेत आपण पांढऱ्या कागदावर रंग भरतो. इथं उलट्या क्रमानं विचार करावा लागतो: आधी लाकूड, मग त्याचं म्हातारपण, मग रंग, आणि शेवटी ऊन-पावसानं त्या रंगाचं केलेलं नुकसान. ज्या क्रमानं खऱ्या भिंतीवर घडलं त्याच क्रमानं आपणही जायचं. नवीन लाकडावर रंग दिला आणि वरून करड्या रंगाचे ठिपके मारले की ते ठिपकेच दिसतात, उडालेला रंग दिसत नाही. माझे भिंतीचे पहिले दोन तुकडे असेच गेले. तुम्हाला दाखवायला आणले नाहीत.

म्हणून आधी बारीक तारेचा ब्रश रेषेच्या दिशेनं फिरवायचा, आडवा अजिबात नाही. मग स्पिरिटमध्ये काळ्या ड्रॉइंग इंकचे थोडे थेंब. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल मिळतं, करोनात घेतलेली माझी एक बाटली उरली होती. पाण्यापेक्षा ते लवकर उडतं, त्यामुळं लाकूड कमी रुसतं. हे मिश्रण पाजलं की दहा मिनिटांत पांढरी फळी वीस वर्षं उन्हात पडलेल्या बैलगाडीच्या साटीसारखी राखाडी होते. सगळ्या फळ्या सारख्या करू नका. एखादी दोनदा पाजा, एखादी तशीच तपकिरी सोडा.

ते पूर्ण वाळल्यावर टर्पेंटाईनचा एक हात. त्याची ओली चमक गेली, पण आत ओल आहे, अशा वेळी वरून ॲक्रिलिक रंग द्यायचा, पातळ. टर्पेंटाईनमुळं रंग लाकडाला नीट धरत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे. रंग हाताला सुका लागला की साधी चिकटपट्टी हलकी दाबायची आणि ओढायची. रंगाचे पोपडे तिच्यासोबत येतात, खालून राखाडी लाकूड दिसतं. पहिल्यांदा ओढली तेव्हा मी लहान पोरासारखा ओरडलो.

पण पट्टी कुठं दाबायची? हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्यासाठी मी आमच्याच गावात चार दिवस हिंडलो. जुन्या वाड्याची दारं, जिनिंगच्या गोदामाच्या फळ्या, टपऱ्या. वहीत नोंदी केल्या. वळचणीखाली हातभर रंग शाबूत असतो, कारण तिथं ऊनही पोचत नाही आणि पाऊसही. सगळ्यात वाईट हाल जमिनीपासून दीड-दोन फुटांचे. पागोळ्या खाली पडतात, चिखल उडतो, फळीचं टोक खालून पाणी पितं. खिडकीच्या खालच्या चौकटीवर पाणी साचतं, तिथला रंग गेलेला. खिळ्यांखाली गंजाचे ओघळ. आणि कडीपाशी रंग गेलेला असतो तो वेगळाच. तिथं पोपडे निघत नाहीत, हात लागून लागून लाकूड गुळगुळीत झालेलं असतं. पश्चिमेची भिंत फिकी, उत्तरेची गडद. पंधरा पावलांच्या एका गोदामाच्या चार भिंती चार वयांच्या होत्या. या गावात साठ वर्षं राहिलो आणि चित्रकला शिकवली, पण हे कधी बघितलं नव्हतं.

फिकट होण्याचंही कारण आहे. जुन्या तेलरंगात तेल हे रंगाच्या भुकटीला धरून ठेवतं. उन्हानं तेल मरतं आणि भुकटी वर मोकळी होते. जुन्या दारावर बोट फिरवलं की बोट पांढरं होतं ते हेच. मॉडेलवर ते खडूनं साधतं. माझ्याकडं आयुष्यभराचा खडू साठलेला! पॉलिश पेपरवर घासायचा, मऊ ब्रशनं वरून खाली ओढायचा. मात्र त्यावर वार्निश मारू नका. मी मारलं आणि एका फवाऱ्यात सगळा खडू गायब झाला. पुन्हा पहिल्यापासून.

बाकी बांधणी सुताराची आहे, तिच्यात मी तुमचा वेळ घेत नाही. फेविकॉल टूथपिकनं लावा, कोपरा गुण्याला धरा, खिडक्या वेगळ्या रंगवून मग बसवा. छपराला मात्र एक मिनिट देतो. काळ्या कागदाच्या साडेदहा मिलिमीटरच्या पट्ट्या कापायच्या, म्हणजे खऱ्या मापात तीन फूट रुंदीची गुंडाळी झाली. पहिली पट्टी खाली वळचणीला, मग तिच्यावर चढवत आढ्याकडं. कौलं शाकारलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पुतणीच्या अमेरिकन मित्रानं म्हणे वरून सुरुवात केली होती. आणि कागद काळा असला तरी तसाच ठेवू नका, उन्हातलं छप्पर कधीच काळं नसतं, करडं असतं.

एक बेइमानी कबूल करतो. भिंतीच्या तळाशी उडालेला जो चिखल दिसतो, तो आपल्या शेतातला आहे. काळी माती वस्त्रगाळ करून लावली. स्टेशन परदेशातलं, माती वऱ्हाडातली. तांबूस माती शोधता आली असती, पण हात तिकडं गेलाच नाही.

हे पूर्ण झालं तेव्हा आमच्याकडं एक वयस्क गृहस्थ आले होते. शकुंतलेवर गँगमन होते, १९९४ साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं तेव्हाही नोकरीत होते. लाकडी स्टेशन त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग दोन्ही हातांनी स्टेशन अलगद उचललं आणि टेबलावर फिरवून ठेवलं. फिकी भिंत खिडकीकडं केली. माझ्या घराची ती खिडकी पश्चिमेला आहे. म्हणाले, "आता बराबर बसलं."

चला, आता पाच-पाच जण पुढं या आणि वाकून बघा, स्टेशनमास्तरच्या उंचीवरून. हात लावायचा तर खालच्या पाटाला लावा, वळचणीला धरून उचलू नका. आणि अरे बाप्पा, तो कूलर कोणी तरी तिकडं फिरवा.