गोळी कुष्ठरोगाची, आजार दुसराच

(नागपूरचं महाल, सकाळ. चक्कीचा आवाज.)

काकू ज्वारीची पिशवी घेऊन चक्कीसमोरून जातात पण थांबत नाहीत. आत गव्हाचं दळण चाललंय, दगडाला, पाट्यावर, चक्कीवाल्याच्या भुवयांवरसुद्धा तेच पीठ, काकूंना तेच चालत नाही.

आजार दुर्मिळ आहे, डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. हर्पिसशी संबंध काही नाही, बारीक फोडांचे झुपके तसे दिसतात म्हणून नाव पडलं. कोपर, गुडघे, कुल्ले, आणि खाज अशी की फोड शाबूत सापडतच नाही, म्हणून सगळे खरूजच समजतात. खिडकीतल्या या ट्यूबा बघा, सगळ्या मेडिकलमधून तोंडी मागून आणलेल्या, चिठ्ठी एकाचीही नाही!

आता हा हिरवा फोटो. फोडाशेजारची चांगली कातडी तपासायला काढली, अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली तिच्यात हे ठिपके चमकले, ते आयजीए, म्हणजे शरीराचंच एक प्रतिपिंड. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीरात तयार होतं, कातडीत साचतं, मग पांढऱ्या पेशी धावून येतात नि फोड उठतात. जंतू कुठेच नाही.

तरी गोळी मिळाली ती अँटिबायोटिक, डॅप्सोन. 1908 मध्ये जर्मनीत बनली तेव्हा हिचा उपयोगच कोणाला माहीत नव्हता, कुष्ठरोगावर लागू पडते हे 1940 नंतर कळलं. इथे ती जंतू मारत नाही, त्या पांढऱ्या पेशींना आवरते, खाज दोन-तीन दिवसांत उतरते. पण वरोऱ्याचं आनंदवन माहीत नाही असं घर विदर्भात नाही, त्यामुळे गोळी कशाची ते घरात लगेच कळलं.

(स्वयंपाकघर. वेगळं ठेवलेलं ताट. इथे निवेदन नाही.)

गोळीने रक्त कमी होऊ शकतं म्हणून आधी जी सिक्स पीडी, म्हणजे लाल पेशींना जपणारं एन्झाइम, पुरेसं आहे का ते तपासतात, नंतरही रक्त बघत राहतात.

आणि गोळी फक्त आवरते, मूळ पोळीत आहे. गहू सुटला की गोळी हळूहळू कमी करता येते, महिने लागतात, कधी वर्षं. रोडगे बंद, पुडाच्या वडीचं मैद्याचं आवरण बंद, हिंगसुद्धा बघून, कारण डबीतल्या हिंगात बरेचदा मैदा असतो. आपल्याकडची ज्वारी मात्र बिनधास्त चालते, जिला आपणच गरिबाचं धान्य म्हणून मागे टाकलं. फक्त चक्की गव्हाची नको.

म्हणून काकूंनी माळ्यावरचं जातं खाली काढलंय. खुंटा नवीन बसवला, पाळू जुनीच आहे.

(जात्याची घरघर.)