सेकंडचा माल आणि बुलेटचं बूड

मंडळी, आधी एक शब्द साफ करून घेऊ. रोजच्या बोलण्यात आपण जिला ‘गोळी’ म्हणतो, ती अख्खी वस्तू म्हणजे काडतूस. त्यात चार जिनसा असतात: पितळी केस, तिच्या तळाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत पावडर आणि तोंडाशी दाबून बसवलेली बुलेट. नळीतून बाहेर जाते ती एवढी बुलेटच. मी बोलणार आहे ते या बुलेटबद्दल. तेही कारखान्याने पहिल्या प्रतीच्या डब्यातून बाजूला काढून, पिशवीत भरून स्वस्तात विकलेल्या बुलेटबद्दल. जिथे कायद्याने स्वतः काडतुसं भरायला परवानगी आहे तिथले हँडलोडिंगवाले तिला ‘सेकंड’ म्हणतात, ‘ब्लेम’ म्हणतात.

अशी पिशवी उघडली की माणूस आधी काय बघतो? टोक. मीही तेच करायचो. टोक जरा चेपलेलं दिसलं की मन खट्टू व्हायचं. चकचकीत, टोकदार बुलेट चांगली आणि काळवंडलेली वाईट, असा आपला सरळ हिशोब. तो चुकीचा आहे, आणि हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून झालेलं आहे. अमेरिकेत डॉ. फ्रँकलिन मान नावाचे गृहस्थ होते. शिक्षणाने वैद्य, वेड मात्र रायफलचं. त्यांनी बुलेटची टोकं मुद्दाम बिघडवली, मग बुडं बिघडवली आणि दोन्ही कागदावर मारून पाहिल्या. 1909 मध्ये त्यांनी हे सगळं छापलं. बिघडलेल्या टोकाच्या बुलेट फारशा भरकटत नाहीत. बूड तिरकं कापलं की मात्र नेम कुठल्या कुठे जातो.

कारण कळलं की लक्षात राहतं. बुलेट नळीच्या तोंडातून सुटते तेव्हा तिचा सगळ्यात शेवटी सुटणारा भाग म्हणजे बूड. मागे कोंडलेला वायू त्याच क्षणी बाहेर उसळतो. बुडाची कड सगळीकडून सारखी असेल तर तो चहूबाजूंनी सारखा सुटतो. एका बाजूची कड आखूड असेल तर तिथून आधी फुटतो आणि बुलेटला कलती ढकल देतो. टोक तेव्हा पुढे मोकळ्या हवेत असतं. त्याच्यावर असला प्रसंग येतच नाही.

सेकंडचा माल घेणाऱ्याने दुसरी भीती बाळगायची ती पोकळीची. जॅकेट म्हणजे तांब्याचं पातळ कवच, साधारण 95 टक्के तांबं आणि 5 टक्के जस्त. पत्र्याची वाटी ओढून ओढून ते लांब करतात, त्यात शिशाचा गाभा दाबतात आणि मग आकार देतात. जॅकेटची एक भिंत जाड राहिली किंवा गाभ्यात हवा अडकली, तर वजनाचा मध्य आसापासून सरकतो. किती सरकला तर बिघडतं? आकडे घेऊ. नळीच्या आतले आटे 254 मिलिमीटरला एक फेरा देतात असं धरा, म्हणजे दहा इंचांना एक. सेकंदाला 820 मीटर वेगाने निघालेली बुलेट मिनिटाला 1,90,000 पेक्षा जास्त गिरक्या घेत असते. मध्य फक्त 0.01 मिलिमीटरने सरकलेला असेल, तर नळीतून सुटताक्षणी ती आडवी फेकली जाते आणि 100 मीटरवर जवळपास 25 मिलिमीटर बाजूला लागते. गंमत म्हणजे या हिशोबात वेग छेदला जातो. उरतो तो आट्यांचा फेरा आणि ते सरकणं.

आता काट्याबद्दल. बुलेटचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम. लोक रात्र रात्र जागून एकेक बुलेट तोलतात आणि अर्ध्या अर्ध्या ग्रेनचे ढीग लावतात. 168 ग्रेनच्या बुलेटमध्ये अर्धा ग्रेन म्हणजे 0.3 टक्के, 100 मीटरवरच्या कागदाला तो कळतही नाही. हौस असेल तर जरूर करा, मी अडवणार नाही. पण काट्याचा खरा उपयोग वेगळा आहे. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव एका घोळक्यात येतात आणि उरलेल्या दोन मात्र दोन-तीन ग्रेनने हलक्या निघतात. त्या दोनच्या आत बहुधा पोकळी आहे. त्या काढायच्या, बाकीच्यांना सुखाने राहू द्यायचं.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. टेबलावर काच ठेवतो आणि सपाट बुडाच्या बुलेट तिच्यावर उभ्या करतो. नजर काचेच्या पातळीला आणली की कललेली बुलेट रांगेत लगेच दिसते. निमुळत्या बुडाच्या, म्हणजे बोट-टेल बुलेटची कड भिंगाखाली फिरवून बघतो: कुठे घडी, कुठे बारीक ओठ आलाय का. मागे एका पिशवीत पाचशेपैकी बहुतेकांवर नुसते पाण्याचे डाग होते. बुडाला घडी पडलेल्या फक्त सात निघाल्या. म्हणजे माल उत्तम होता, फक्त कळकट होता. डागांना नळी विचारत नाही.

इथे बुलेटची जातही बघावी लागते. पूर्ण जॅकेटच्या साध्या बुलेटमध्ये तांबं टोकाकडून ओढलेलं असतं आणि बुडाशी दुमडतं, म्हणून तिथे शिसं उघडं दिसतं. स्पर्धेच्या बुलेटमध्ये उलटं: जॅकेटचं बंद तोंड बुडाशी आणि उघडं तोंड टोकाशी. टोकाचं ते छोटं भोक दोष नाही, बूड अखंड ठेवण्याची किंमत आहे. म्हणून याच जातीचं सेकंड मला जास्त आवडतं.

तुम्ही विचाराल, वाचतं किती? वाटतं त्यापेक्षा कमी. सूट मिळते ती चारातल्या एका जिनसेवर. प्रायमर, पावडर आणि नळीची झीज यांना सूट नाही. शिवाय तोच लॉट परत मिळेल याचा भरवसा नसतो. आवडला तर एकदम पुरेसा घ्यायचा. नवी पिशवी म्हणजे नवी बुलेट: टोकाचा गोलवा जरा जाडसर असला आणि तुम्ही जुन्याच लांबीवर बसवली, तर ती आट्यांना टेकते आणि दाब चढतो. म्हणून बुडापासून गोलव्यापर्यंतची लांबी कंपॅरेटर, म्हणजे कॅलिपरला बसवायचा जोड, लावून मोजायची, आणि त्या बुलेटसाठी छापलेल्या कोष्टकातल्या पावडरच्या सर्वात कमी मापापासून पुन्हा सुरुवात करायची. काल चाललेलं माप आज चालेल असं धरायचं नाही.

आणि शिकारीला सेकंड नको. कागदावर चुकलं तर कागदच फाटतो.

शेवटी उरतात त्या मिसळलेल्या बुलेट. पिशवीत कधीकधी दोन जाती एकत्र येतात, एकाच व्यासाच्या, एकाच रंगाच्या. अख्ख्या तांब्याची बुलेट शिशाच्या गाभ्याच्या, तेवढ्याच वजनाच्या बुलेटपेक्षा लांब असते, आणि तिचं कोष्टकही वेगळं असतं. ओळख पटली नाही तर अंदाज बांधायचा नाही. माझ्या टेबलाखाली त्यांच्यासाठी एक डबा आहे; भरला की भंगारात जातो, आणि मी साबणाने हात धुतो, कारण शिसं बोटांना लागतं.