एन्झाइम वाढले म्हणजे नेमके काय वाढले?

नमस्कार मंडळी. माझ्या मागे जी भट्टी दिसते आहे, तिच्यात सकाळपासून गवती चहा वाफवला जात आहे. आमच्या अचलपूर तालुक्यात पूर्वी डोंगरातल्या रोशा गवताचे तेल काढत असत. आता बांधावर लावलेला गवती चहाही या भट्टीत येतो. नळीतून थंड होऊन आलेले पाणी या काचेच्या भांड्यात पडते आणि त्यावर हा पिवळसर थर तरंगतो. हेच सुगंधी तेल. १०० किलो ओल्या गवतातून ते जेमतेम अर्धा किलो निघते. हे प्रमाण ध्यानात असू द्या, पुढे ते कामाला येणार आहे.

आजचा विषय माझ्या काकांच्या रिपोर्टमुळे निघाला. कोणीतरी त्यांना सांगितले होते की लवंगेचे तेल रोज गरम पाण्यातून घेतले की लिव्हरचे एन्झाइम वाढतात आणि लिव्हर ताकदवान होते. काकांनी दोन महिने ते घेतले, तपासणी केली आणि रिपोर्ट मला कौतुकाने दाखवला. एसजीपीटी ११२ होते आणि प्रयोगशाळेने छापलेली वरची मर्यादा ४० होती. ‘वाढले ना?’ असे ते म्हणाले.

वाढले होते खरे. पण एसजीपीटी हे यकृताच्या पेशीच्या आत राहून काम करणारे एन्झाइम आहे आणि पेशीला इजा झाली की ते झिरपून रक्तात येते. अंगणात ज्वारीचे दाणे सांडलेले दिसले म्हणून यंदा पीक चांगले आले असे कोणी म्हणत नाही; कणगीला भोक पडले आहे, एवढेच त्यावरून कळते.

ज्या एन्झाइमांविषयी काकांनी ऐकले होते, ती वेगळी. त्यांच्या कुटुंबाला सायटोक्रोम पी-४५० म्हणतात आणि एसजीपीटीच्या तपासणीत ती दिसत नाहीत. सुगंधी तेले चरबीत विरघळतात, त्यामुळे मूत्रपिंडांना ती सहजासहजी लघवीवाटे बाहेर टाकता येत नाहीत. म्हणून यकृतातली ही एन्झाइमे त्यांच्या रेणूला प्राणवायूचा अणू जोडून त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करतात. असा माल रोजच येऊ लागला, तर काही तेलांच्या बाबतीत यकृत ही एन्झाइमे अधिक प्रमाणात तयार करू लागते.

याचा एक जुना पुरावा मला फार आवडतो. १९६७ साली अमेरिकेत असे आढळले की लाल सिडार लाकडाच्या भुशावर ठेवलेले उंदीर हेक्झोबार्बिटल हे झोपेचे औषध दिल्यावर नेहमीपेक्षा लवकर जागे होतात. त्यांना तेल कोणी पाजले नव्हते; अंथरलेल्या भुशातल्या सुगंधी द्रव्यांनीच त्यांच्या यकृतातली एन्झाइमे वाढवली होती आणि औषध लवकर संपत होते. निलगिरीच्या तेलातल्या सिनिओलनेही उंदरांमध्ये असाच परिणाम दाखवला आहे. उलट बाजूही आहे: फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीसोबत पेपरमिंटचे तेल दिल्यावर माणसांच्या रक्तात त्या औषधाचे प्रमाण वाढलेले मोजले गेले, कारण तेथे तेलाने एन्झाइमांना रोखले. म्हणजे एन्झाइम वाढले काय किंवा अडले काय, ज्याची गोळी रोज चालू आहे त्याचे मोजमाप बिघडू शकते. याला ताकद म्हणणे मला पटत नाही.

आता लवंगेकडे येऊ. तिच्या तेलाचा बहुतांश भाग युजेनॉल असतो. थोडे युजेनॉल यकृत सहज निकालात काढते. परंतु ते फार झाले की हीच एन्झाइमे त्यापासून एक आक्रमक पदार्थ तयार करतात, जो पेशीतल्या ग्लुटाथिऑन या संरक्षक द्रव्याने झेलावा लागतो. ग्लुटाथिऑन संपले की तो पदार्थ पेशीवरच तुटून पडतो. पॅरासिटामॉलचे विषही याच वाटेने चढते, आणि म्हणूनच लवंग तेल प्यायलेल्या लहान मुलांना डॉक्टरांनी पॅरासिटामॉलवरचाच उतारा, एन-असेटिलसिस्टीन, दिलेला आहे.

यावर हमखास प्रश्न येतो की मसाल्यात आपण लवंग खातोच की. खातो, पण एक चहाचा चमचा तेल म्हणजे साधारण ३०० लवंगा होतात, आणि तेवढ्या लवंगा एका वेळी कोणी चावत नाही. गवती चहाचेही तसेच: कपात टाकलेल्या चार पात्यांचा सौम्य सुगंध आणि या भांड्यातला थर यांत भट्टीचे अंतर आहे. ओघात आले म्हणून सांगतो, कपाशीवर फवारायला घरात ठेवलेले निंबोळीचे तेल या जातीचे नाही, ते घाण्यावर पिळून काढलेले जड तेल आहे. पण ते पाजल्याने लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

काका संध्याकाळी गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉलही घेत होते, हे डॉक्टरांनी विचारल्यावर कळले. मला त्यांनी ते सांगितले नव्हते. डॉक्टरांनी दोन्ही बंद केले आणि दीड महिन्याने आकडा ४४ आला. दोघांचाही भार एकाच ग्लुटाथिऑनवर पडत असल्यामुळे दोष कोणाचा किती, हे रिपोर्टवरून ठरवता येणार नाही. तेलाची बाटली काकांनी फेकलेली नाही; दाढ ठणकली की कापसाचा बोळा बुडवण्यापुरती ती वापरतात. फक्त चुलीजवळच्या कोनाड्यातून ती आता वरच्या फळीवर गेली आहे, कारण नातू रांगायला लागला आहे.