चामखीळ, घोड्याचा केस आणि आतड्यातला पॉलिप

(ठाण्यात नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर एका पोटविकारतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, बाहेर एवढा पाऊस असूनही सभागृह भरलंय. तेही मोठ्या आतड्यासाठी! चारचौघांत नाव काढायची सोय नसलेला हा अवयव.

तुमच्यातल्या गावाकडच्या मंडळींना आठवत असेल. अंगावर चामखीळ आली की आजी घोड्याच्या शेपटीचा केस मिळवायची आणि मुळाशी आवळून गाठ मारायची. काही दिवसांत ती गळून पडे. असले उद्योग घरी करा असं मी अजिबात सांगत नाही! पण पॉलिप काढायची युक्ती याच कुळातली आहे. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेला कोंब. तो चामखीळ नव्हे, आणि त्यातला एडिनोमा नावाचा प्रकार वर्षानुवर्षांनी कॅन्सरकडे वळू शकतो, म्हणून तो काढायचा. केसाच्या जागी तारेचा फास, त्याला आम्ही स्नेअर म्हणतो. न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या या दोन डॉक्टरांनी १९६९ साली कोलोनोस्कोपमधून, म्हणजे मोठ्या आतड्यात घालायच्या दुर्बिणीतून, असा फास टाकून पॉलिप कापला. आतड्यात खोलवरच्या पॉलिपसाठी त्याआधी पोट उघडावं लागायचं.

त्या फासातून वीज सोडायची, म्हणजे कापता कापता रक्तवाहिनी भाजून बंद होते, असं आम्ही शिकलो. लहान पॉलिप असला तर चिमट्यात धरायचा, वर ओढायचा आणि करंट द्यायचा. पडद्यावर रक्ताचा थेंब नाही, म्हणजे काम चोख!

मीही तेच करत होतो. उमेदवारीच्या काळात एका गृहस्थांचा जेमतेम ५ मिलिमीटरचा पॉलिप असाच भाजून काढला. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. आठव्या दिवशी पहाटे त्यांच्या मुलाचा फोन, ‘बाबांना संडासातून रक्त जातंय, थांबतच नाही.’ पुन्हा दुर्बीण घालून क्लिप लावली, वाचले. पण एवढ्याशा कोंबापायी एवढा घोळ झाला, हे मनातून गेलं नाही.

घडतं असं की उष्णता वरच्यावर थांबत नाही, खालच्या थरातल्या जाड रक्तवाहिन्यांपर्यंत झिरपते. त्या दिवशी सगळं बंद दिसतं. मग काही दिवसांनी भाजलेली खपली पडते आणि खालची वाहिनी उघडी पडते. तोवर पेशंट घरी, कधी गावाला, कधी लग्नाच्या पंगतीत.

म्हणून आता १ सेंटिमीटरपेक्षा लहान पॉलिप आम्ही वीज न लावता, नुसत्या तारेनं कापतो. याला कोल्ड स्नेअर म्हणतात. तैवानमध्ये चार हजारांहून अधिक लोकांवर केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ४ ते १० मिलिमीटरच्या पॉलिपांत वीज वापरली तर नंतरचा रक्तस्राव १.५ टक्के, न वापरता ०.४ टक्के.

हे काम दिसतं कसं, ते सांगतो. पॉलिप सापडला की दुर्बीण फिरवून तो पडद्यावर घड्याळातल्या पाच-सहाच्या जागी आणतो, कारण हत्यार तिथूनच बाहेर येतं. ही फिरवाफिरवी साधली की अर्धी लढाई जिंकली. मग फास उघडून पॉलिपवर ठेवायचा, भोवतीचं १-२ मिलिमीटर निरोगी अस्तरही आत घ्यायचं. ओढायचं नाही, उलट फास खाली दाबायचा. आतली थोडी हवा शोषली की अस्तर सैल पडतं, आपणहून आत येतं. सिस्टरला म्हणायचं, ‘हळू बंद करा... आता पूर्ण.’ तुकडा सुटतो. रक्त येतं, हो येतं! नवशिका डॉक्टर इथेच घाबरतो. अशा वेळी जखमेवर पाण्याचा फवारा मारायचा आणि बघत राहायचं. बहुतेक वेळा आपसूक थांबतं. त्या पाण्यानं जखम फुगते आणि कड स्वच्छ दिसते. काही उरलंय का, ते तेव्हाच कळतं.

खरी काळजी या उरण्याचीच आहे. २०१३ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात ५ ते २० मिलिमीटरचे पॉलिप वीज लावून काढले होते, तरी दहातल्या सुमारे एकाचा अंश मागे राहिला होता. म्हणून निरोगी काठ घेण्याचा हा आग्रह. साधा बायोप्सीचा चिमटा मी १-२ मिलिमीटरच्या ठिपक्यांपुरताच ठेवतो, तोही फास नीट बसत नसेल तर. करंटचा चिमटा कपाटात गेला तो गेलाच. आणि गुदाशयातले काही फिकट, बारके, हायपरप्लास्टिक, म्हणजे सहसा कॅन्सरकडे न वळणारे पॉलिप नीट पाहून सोडूनही देता येतात.

गोळ्यांबद्दल चिठ्ठी आली आहे. हृदयासाठी घेता ती ॲस्पिरिन सहसा थांबवावी लागत नाही. क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी काही गोळी चालू असेल तर तपासणीची तारीख घेतानाच सांगा, मनानं बंद करू नका.

परवा एक निवृत्त शिंपीकाका आले होते. शुद्धीवर आल्याआल्या म्हणाले, ‘काढलंत ते दाखवा.’ फॉर्मॅलिनची बाटली उजेडात धरली. तळाशी साबुदाण्याच्या दाण्याएवढा तुकडा. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, ‘डॉक्टर, याच्यासाठी मी रात्रभर ते आतडं साफ करायचं खारट पाणी पीत होतो?’ म्हटलं, ‘काका, पाणी प्यायलात म्हणूनच तर तो दिसला.’