खोलीचे भाडे आणि विम्याचा हप्ता

दादरच्या या सभागृहात बसलेल्या आपणा बहुतेकांच्या घरी मेडिक्लेमची फाइल आहे, तेव्हा हप्ता, कॅशलेस, टीपीए हे शब्द मी समजावीत बसत नाही. महाराष्ट्रात आरोग्य विमा सर्वांना परवडावा म्हणून राज्याने काय करावे, हा आजचा विषय. त्याच्याकडे मी वळलो तो रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी.

2018 सालच्या पावसाळ्यात पित्ताशयातल्या खड्यांमुळे माझ्या वडिलांना उपनगरातल्या एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. विमा 4 लाखांचा, खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 4,000 रुपये. त्या रात्री जनरल वॉर्ड भरलेला, दोघांत एक अशी ट्विन शेअरिंग खोलीही भरलेली. रिकामी होती ती 8,000 रुपयांची खोली. चार दिवसांचे वरचे 16,000 आपण भरू, असा हिशेब करून मी सही केली. डिस्चार्जच्या दिवशी बिल झाले 1,80,000 रुपये. त्यातले औषधांचे 40,000 कंपनीने पूर्ण मंजूर केले. पण भाडे, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचे शुल्क अशा उरलेल्या 1,40,000 मधून सरळ निम्मी रक्कम कापली, कारण आमची खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची होती. दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत मी 70,000 रुपयांची जुळवाजुळव करीत होतो. वडील सुई काढलेल्या हाताने, घरचे कपडे घालून पलंगाच्या कडेला बसले होते आणि दर थोड्या वेळाने विचारीत होते, “अजून किती कमी पडतात रे?”

कंपनीकडे तक्रार केली, तर पॉलिसीत ते कलम स्पष्ट छापलेले निघाले. मग मी रुग्णालयाचे रेट कार्ड मिळवले, आणि माझा राग जागा बदलून बसला. सर्जन तोच, थिएटर तेच, शस्त्रक्रिया तीच. तरी जनरल वॉर्डातल्या रुग्णाला फी कमी आणि सिंगल रूममधल्या रुग्णाला जास्त. शस्त्रक्रियेची किंमत रुग्ण झोपतो ती खोली ठरवीत होती, आणि कंपनी त्याच तक्त्याच्या आधारे भागाकार करीत होती. मुंबईत ही प्रथा इतकी रुळली आहे की तिचा जाब कोणी विचारीत नाही. मला मात्र आजही ती अन्यायाची वाटते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा आता थोडक्यात मांडतो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विमा केंद्राच्या सूचीत आहे, पण सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्याच्या सूचीत. हप्ते ठरवण्याचा अधिकार मुंबईतल्या सरकारकडे नाही. मात्र ज्या बिलांवरून हप्ता ठरतो, ती बिले त्याच्या कक्षेत येतात. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये गेला, याचे मी स्वागत करतो. पण कर एकदाच जातो आणि उपचारांचा खर्च दरवर्षी वाढतो.

खासगी रुग्णालयांचे दर सरकारला बांधता येत नाहीत, असे म्हटले जाते. ते मला मान्य नाही. मे 2020 मध्ये याच राज्याने खासगी रुग्णालयांतल्या कोविड उपचारांसाठी दिवसाला 4,000, 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये अशी कमाल मर्यादा घातली होती. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे 5 लाखांचे संरक्षण आता सर्व कुटुंबांसाठी खुले आहे, आणि तिच्यात शस्त्रक्रियांचे पॅकेज दर ठरलेलेच आहेत. मुंबईतली अनेक मोठी खासगी रुग्णालये योजनेबाहेर राहतात, म्हणून मध्यमवर्ग दुसरा विमा घेतो. योजनेतल्या पॅकेज दरांची नीट फेरतपासणी करून ते रुग्णालयांनाही परवडतील असे करावेत. 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात दुरुस्ती करून खोली कोणतीही असली तरी शस्त्रक्रियेचा दर एकच राहील, असे बंधन घालावे. खोलीचे भाडे वेगळे असू द्या. सर्जनची फी खोलीवर बेतू नका, एवढीच माझी मागणी आहे, आणि येत्या अधिवेशनापूर्वी आपापल्या आमदारांपुढे ती लेखी मांडावी, अशी आपल्याला विनंती आहे.