खो मोठ्यानं द्यायचा असतो

मंडळी, खानदेशात शिक्षकाची आठवण निघाली की साने गुरुजी आल्याशिवाय राहत नाहीत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात गुरुजी १९२४ ते १९३० एवढाच काळ शिकवत होते, पण त्यानंतरच्या प्रत्येक मास्तराला आपण त्यांचीच फूटपट्टी लावतो. आज आम्हाला शिकवणाऱ्या बाईंच्या शोकसभेतही दोघा वक्त्यांनी बाईंना त्या रांगेत बसवलं. बाई समोर असत्या तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. गुरुजींबद्दल त्यांना आदर फार होता. पण त्यांचा स्वतःचा वर्ग हसण्या-खिदळण्यावर, उड्यांवर आणि घामावर चालायचा.

बाईंना नाचाची, खेळाची हौस होती, असं आज सगळेच म्हणाले. खरं आहे. पण अभ्यास संपला, वेळ उरला म्हणून त्या मैदानावर गेल्या, असं कुणाला वाटत असेल तर तसं नव्हतं. वर्गात जे जमत नव्हतं, ते त्या मैदानावर करून घेत.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, त्यामुळे तिनं तोंडच मिटून घेतलं होतं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. बाईंनी तिला धडा वाचायला कधी उभं केलं नाही. तिला खो-खोत घेतलं. आता खो-खोचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. आठ जणी पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर, आळीपाळीनं उलटसुलट तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. खो मागून द्यायचा आणि ऐकू येईल असा स्पष्ट द्यायचा. नुसता हात लावला, तोंडातून शब्द निघाला नाही, तर फाऊल. पोरगी पाठीवर थाप मारायची आणि गप्प. बाई शिट्टी वाजवून ओरडायच्या, "जोरमा बोल वं, माले आयकू येस नही!" बाई अहिराणीत बोलल्या म्हणून सगळं मैदान हसलं, तीही हसली. मग पुढचा खो असा दिला की बैलगाडीवाला वळून बघत होता. त्यानंतर ती वर्गातही बोलू लागली. लगेच नाही, दिवाळीची सुट्टी मध्ये गेली.

नाचाचं तसंच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते. पोरी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, शेवटी डबा वाजवून खाऊ ओळखायचा. बाईंनी हे शाळेच्या पटांगणात आणलं आणि खाऊ ओळखायला मुलग्यांनाही बसवलं. एका पालकांनी तक्रार केली, मुलगे बायकी होतील म्हणून. बाईंनी त्यांनाच शेवटच्या दिवशी खाऊ आणायला सांगितलं. ते गृहस्थ शेंगदाण्याचे लाडू घेऊन आले आणि कुणालाच ओळखू न आल्यामुळे भलतेच खूश होऊन गेले.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. वसतिगृहात सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या मुली असत. अक्कलकुव्याकडच्या काठीची राजवाडी होळी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, रात्रभर ढोल. वर्गात या मुली मागच्या बाकावर. बाईंनी स्नेहसंमेलनाचा नाच त्यांच्याकडे सोपवला आणि स्वतः ओळीत शेवटी उभं राहून त्यांच्याकडून पावलं शिकल्या. चुकल्या की मुली हात धरून दुरुस्त करायच्या. बाईंची पावलं दुरुस्त करणारी मुलगी दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसेल का? नाही बसली.

घराबद्दल घरच्यांनी सांगितलंच आहे, मी थोडंच बोलतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की लिंबाला झोका, खापरावरचे मांडे, आणि दुपारी पत्ते. पुरुषांनी ओसरीवर पत्ते खेळायचे आणि बायकांनी चुलीपाशी बसायचं ही रीत बाईंनी स्वतःच्या घरात मोडली. बसत आणि जिंकत. नातवालासुद्धा मुद्दाम जिंकू देत नसत. "हरला तर उद्या पुन्हा येईल," म्हणत. कानबाई या आपल्या खानदेशी देवीच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, घरातल्या पुरुषांच्या संख्येनं धान्य मोजायची चाल आहे. बाई प्रत्येक लेकीच्या नावाचीही मूठ टाकत. भावकीत यावर कुरकुर झाली, पण दळण एकदा जात्यात पडल्यावर कोण वेगळं काढणार? आणि सोमवारी विसर्जनाला कानबाई डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या बायकांत बाई पुढे, हे तर सगळ्या गावानं पाहिलंय.

निवृत्तीनंतर गुडघे गेले. मैदान बंद झालं, मत बंद झालं नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. बाई टीव्हीपुढून हलल्या नाहीत. जिंकल्यावर टाळ्या वाजवल्या आणि मग मॅटला नावं ठेवली. मातीशिवाय खो-खो म्हणजे काय, अंगाला धूळच लागत नाही! मी म्हटलं, बाई, गुडघे तरी फुटत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुझे कुठे फुटले? तू तर पाटीवरच बसून राहायचास." हे मला मान्य नाही, पण बाईंशी वाद घालून कुणी जिंकलं असेल तर त्यानं हात वर करावा.

घरच्यांनी स्मारकाबद्दल विचारलं. सभागृह नको, पुतळा नको. शाळेचं मैदान नीट करू. खो-खोचे दोन्ही खांब पार कुजलेत. नवे जमिनीवर १२० ते १२५ सेंटीमीटर उंचीचे, सागाचे, वरून गुळगुळीत, कोपरे नसलेले हवेत. सुताराशी बोलणं झालंय. रविवारी सकाळी सातला मैदान आखायचं आहे. चुना मी आणतो, दोरी आणि टेप कुणीतरी आणा. आणि मुलींना घेऊन या, नुसते मुलगे घेऊन येऊ नका.